सहभागाचा रकाना

"झाला फोटो. आता उठा. अन् हेडफोन तिकडे नका ठेवू, आधी पुसून घेऊ द्या."

संचालकांनी हे हळू आवाजात, हसत सांगितले. निवेदिका मुलीने कापसावर स्पिरिट घेतले आणि माझ्या कानांवरून उतरलेला हेडफोन दोन्ही बाजूंनी घासून पुसला. माझ्याआधी त्याच खुर्चीत, तोच हेडफोन लावून, एका प्राध्यापकांचा फोटो काढला होता. तेव्हा कुणी पुसला नव्हता.

मी चोपन्न वर्षांचा आहे. इंदूरच्या एका शिक्षणसंस्थेच्या सामुदायिक रेडिओ केंद्रात नोंदी ठेवण्याचे काम अकरा वर्षे केले. कोणता कार्यक्रम कधी लागला, कोणी तयार केला, कोण बोलले, हे रजिस्टरात लिहायचे. अशा केंद्राचे निदान निम्मे कार्यक्रम आसपासच्या लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, असा सरकारचा नियम आहे. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून तपासणी येणार होती. म्हणून मला पहिल्यांदाच माइकसमोर बसवले. फोटोखाली लिहायचे होते, 'वस्तीचे प्रतिनिधी'. ती वस्ती माझीच. आजोबा विदर्भातून इथल्या कापडगिरणीत आले, तेव्हापासून आम्ही तिथे आहोत.

त्या अपमानाचा दोष कुणाला द्यायचा असेल, तर आधी मला दिला पाहिजे. सहभागाचा रकाना मीच भरत होतो. वस्तीतल्या बायकांचे अनुभव मी लिहून आणायचो. कॉलेजच्या मुली ते वाचायच्या, मुद्दाम गावंढळ सूर लावून. काचेपलीकडे सगळे हसायचे. मीही हसलो आहे. आणि मग रजिस्टरात लिहिले आहे: सहभाग, वस्तीतील महिला.

एकदा मात्र कांताबाई स्वतः बोलल्या. त्या राजवाड्यामागचे रस्ते झाडतात. शहराच्या स्वच्छतेबद्दल चार शब्द सांगा, एवढेच त्यांना सांगितले होते. त्यांनी दुकानदारांचे सांगितले. ज्यांच्या दारासमोर झाडायचे, तेच पाणी मागितल्यावर जात विचारतात, आणि मग वरून ओंजळीत ओततात. सात मिनिटे. न थांबता.

संचालकांनी ऐकून घेतले. "नाही लावता येणार. जातीचा उल्लेख आहे. कार्यक्रम संहिता मोडते."

संहिता माझ्याच खणात होती. कोणत्याही समाजावर हल्ला करू नये, असे तीत आहे. आपल्यावर झालेला हल्ला सांगू नये, असे कुठेही नाही. मला ते ठाऊक होते. मी गप्प बसलो. कांताबाईंकडे जाऊन म्हणालो, "सरकारचा नियम आहे, बाई."

त्या हसल्या. "सरकारचा? मग ओंजळीत पाणी ओतायचा नियम पण सरकारनेच केला का, भिया? अन् तू तर तिथला बाबू. तुला कप वेगळा देतात का एकच?"

कप वेगळा नव्हता. म्हणून मी स्वतःला वेगळा समजत होतो. हेडफोनवर तो कापूस फिरला, तेव्हा माझा समज संपला.

तपासणीच्या दिवशी दिल्लीच्या अधिकारी बाई रजिस्टर उघडून बसल्या. "ये सब बस्ती की महिलाओं ने बनाया है?"

"बिलकुल, मॅडम," संचालक म्हणाले. पेन माझ्याकडे सरकवले. "चला, सही करा पटकन."

मी पेन परत सरकवले. आवाज मुळातच बारीक. तरी म्हणालो, "मॅडम, ये रजिस्टर झूठा है. मैंने ही लिखा है. एक महिला सचमुच बोली थी. उसकी रिकॉर्डिंग रोक दी गई. मेरे पास है."

बाईंनी रजिस्टर मिटले. "लिखकर दीजिए."

त्या गेल्यावर संचालक ओरडले नाहीत. "फोटोत बसवलं तुम्हाला. कोण बसवतं? अन् तुम्ही शेवटी जात दाखवलीतच."

"हो साहेब," मी म्हणालो. "पहिल्यांदाच."

उद्यापासून येऊ नका, असे मला संध्याकाळी कळवण्यात आले. मी वस्तीत गेलो. कांताबाईंची माफी मागू लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवले.

"माफी राहू दे. माझा आवाज कधी लागणार, ते सांग."

तारीख माझ्याकडे नव्हती. आजही नाही.

दिल्लीच्या बाईंनी मागितले ते मी लिहीत आहे. रजिस्टर केंद्राच्या कपाटात आहे, पण लिहिणारा मी होतो आणि मला आठवते. कोणाचा अनुभव, कोणाच्या तोंडी घातला, कोणाच्या नावावर दाखवला. यादीत सर्वांत वर माझे नाव आहे: खोटी नोंद करणारा. केंद्राचा परवाना गेला तर तुमच्याच वस्तीतल्या बायकांचे नुकसान होईल, असा निरोप काल आला. पुन्हा कामावर घेऊ, असाही आला. दोन्ही निरोप मी त्या यादीखाली लिहिले.

कांताबाईंची सात मिनिटे कांताबाईंच्याच आवाजात, एकही शब्द न कापता लागेपर्यंत मी हा कागद मागे घेणार नाही. आणि त्यानंतरही मागे घेणार नाही.