मावशी बाकावर बसली नाही

"दी हय," म्हणायची मावशी, आणि दोन्ही हात पुढे. दी हय म्हणजे दे इकडे, मालवणीत. मी अजून गल्लीच्या तोंडाशी असायचे, पोर कडेवर, खांद्याला डब्याची पिशवी, धापा टाकत, आणि ती आपली दारातनंच हात पसरून उभी. पोर गेली की पिशवी, पिशवी गेली की छत्री, सगळं तिच्या हातात. मग मला खांद्याला धरून वळवायची आणि पाठीवर थाप मारायची. "जा गो. धाव."

अशी बाई तुमच्याकडे पण असेल बघा. चाळीत, बिल्डिंगमध्ये, कुठे पण. तिला कोणी काही विचारत नाही, नुसतं तिच्या हातात देतात. मला त्याचाच राग येतो. तेव्हा पण यायचा, पण तेव्हा कळत नव्हतं की राग आहे, वाटायचं अ‍ॅसिडिटी आहे.

मी नववी नापास. लग्न करून दहिसरला आले, नवरा रिक्षा चालवतो, मी गाळ्यात औषधांच्या पट्ट्या खोक्यात भरायचं काम करते. आणि मला सगळ्याची भीती वाटते, आधीच सांगते. लिफ्टची, डॉक्टरची, मोठ्या आवाजात बोलणाऱ्या बायकांची. पोर झाली तेव्हापासून तर झोपेत पण तिच्या नाकाशी बोट धरून बघते. सात महिन्यांची झाली आणि मला कामावर परत जायची वेळ आली, तेव्हा मावशीच्या दारात उभी राहून मी असली रडले की समोरची बाई भांडी टाकून बघायला आली.

"पोर गप बसलीहा आणि तू रडतंस कित्याक?" मावशी म्हणाली. "माका दोघींका सांभाळूक जमाचा नाय हां. एकीकच ठेव."

मी रडता रडता हसले, आणि पोर तिच्या मांडीवर गेली ती गेलीच.

तिची खोली म्हणजे पाळणाघर. पाटी नाही, काही नाही, पण सगळ्यांना माहीत. एक मूल मांडीवर, एक साडीच्या झोळीत, झोळीची दोरी हिच्या पायाच्या अंगठ्याला. अंगठा हलतोय, हात मेथी निवडतायत, तोंडाने तिसऱ्याला ओरडतेय, "सॉकेटात बोट नको घालू रे बाबा, तुझी आवस माका मारीत." आवस म्हणजे आई. जेवायची पण तशीच. डाव्या हाताने पोराला धरून उजव्या हाताने घास. मी तिची मांडी रिकामी कधी बघितली नाही. नवरा लवकर गेला, मुलगा विरारला, मोठ्या नोकरीत. तो चतुर्थीला यायचा, मोदक खायचा, डबा भरून घ्यायचा, जायचा.

एकदा आमचा गाळा बंद होता, लाइट नव्हती, म्हणून मी दुपारी तिच्याकडेच बसले. पोरं झोपलेली. तेव्हा ती आपणहून बोलली. अकरा-बारा वर्षांची असताना तिला गावाहून बोरिवलीला आणलं, एका घरात बाळ सांभाळायला. शाळेत पाठवू असं सांगून आणलं. शाळा कसली. मग ती माणसं एकदा पार्कात गेली, खाडीच्या पलीकडे एक होतं तेव्हा, पाळणे आणि काय काय. हिला पण नेलं. हिला वाटलं आपण पण बसणार. गेटच्या आत गेल्यावर त्या बाईने बाळ दिलं, बॅगा दिल्या, बाक दाखवलं. दिवसभर ती बाकावर. समोर ती गाडी, रुळावरून वर जाते, डोक्यावर होते, परत सरळ होते.

"बाळ रडाक लागला की मी तेका ती गाडी दाखवी," ती म्हणाली. "आणि तेका दाखवता दाखवता मीच बघी. माका बसूचा आसा एकदा. म्हातारी होवच्या आधी."

"अगं पण बारा वर्षांच्या पोरीला!" मी ओरडले. माझ्या ओरडण्याने दोन पोरं उठली.

"गप रव," मावशी म्हणाली. "उठवलंस ना? आता झोपव."

मग मागच्या थंडीत चाळीची पिकनिक निघाली. मंडळाच्या मुलांनी बस ठरवली आणि कुठे जायचं, तर हायवेने पुढे गेलं की लागतं त्या मोठ्या पार्कात. सेक्रेटरीची बायको दारोदार नावं घेत फिरत होती. मावशीच्या दारात आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही तर पाहिजेच हं. तुमच्याशिवाय आमचं कसं होणार?"

मावशी माझ्याकडे बघून असली हसली ना. तिला ते बोलणं खरं वाटलं. मला पण वाटलं, शप्पथ.

दुसऱ्या दिवशी हळूच माझ्याकडे आली. "तुझो एक पंजाबी ड्रेस दी. साडी नेसून त्या गाडीत बसाक देनत नाय म्हणतत." पन्नाशीची बाई, जन्मात साडी सोडली नाही. मी माझा पिवळा ड्रेस दिला. बाह्या घट्ट झाल्या, त्या उसवल्या, काखेत तुकडा लावला. सकाळी ती बसमध्ये चढली तर सगळी बस हसायला लागली. "मावशी, झकास! हीरोइन!" सेक्रेटरीची बायको म्हणाली, "अगंबाई, ह्या वयात?" मावशी लाजून खिडकीशी बसली आणि माझ्या पोरीला मांडीवर घेतलं. सवयीने. मी पण दिली.

आता पुढचं ऐका. गेटच्या आत गेलो आणि माझ्या डोळ्यांदेखत तेच झालं. कोणी काही ठरवलं नव्हतं. एक बाई आली, "मावशी, एवढी पर्स धरा हं, आलेच." दुसरीने मुलाचा स्वेटर. तिसरीने पाण्याच्या बाटल्या, मंडळाच्या पोरांनी मोबाईलची थैली. आणि मावशीचे हात, काय सांगू, आपोआप पुढे झाले. "दी हय. दी हय." झाडाखाली सिमेंटचं बाक होतं, सेक्रेटरीच्या बायकोने त्याच्यावर वर्तमानपत्र पण पसरून दिलं. "बसा निवांत. सावली आहे छान."

मावशी बसली नाही. सगळं गळ्यात, हातात, काखेत अडकवून ती त्या गाडीच्या लाइनीत जाऊन उभी राहिली. मी पोरीला घेऊन बाजूने चालत होते. लाइन सरकत सरकत पुढे गेली, तिथला माणूस म्हणाला, "आँटी, सामान लेके नहीं चलेगा. साइड में आओ."

तिने मागे वळून बघितलं. आमच्यातल्या बायका तिच्या मागेच लाइनीत होत्या, त्यांचंच ते सामान. एकीने हात पुढे केला नाही. सेक्रेटरीची बायको म्हणाली, "अहो मावशी, तुम्ही कुठे आलात इथे? सामान कोण सांभाळणार मग? आणि तुम्हाला बीपी ना, काही झालं तर कोण जबाबदार?"

"होय, ता पण खरा," मावशी म्हणाली. आणि लाइनीतून बाहेर यायला लागली.

असं निमूट. खाली बघत. माझा पिवळा ड्रेस घालून.

माझ्या डोक्यात काय झालं मला माहीत नाही. आम्ही भाड्याने राहतो, आणि ती खोली सेक्रेटरीच्या भावाची, हे मला रोज उठल्यावर आठवतं, त्या बाईसमोर मी मान वर करून कधी बोलले नव्हते. पण मी ओरडले. पोर कडेवर आणि मी ओरडतेय. "काय सोनं आहे का तुमच्या बॅगांत? वेफर्स आहेत ना? तिला काय तुम्ही बाक उबवायला आणलंय? तिने पण तिकीट काढलंय! बारा वर्षांची होती तेव्हा पण हेच केलं लोकांनी, आणि तुम्ही परत तेच करताय, आणि वर वर्तमानपत्र पसरून देताय!"

"मी? मी काय केलं बारा वर्षांची असताना?" ती बाई म्हणाली. तिला काही कळेचना.

लाइनीतली परकी माणसं बघायला लागली. मी मावशीच्या गळ्यातनं एकेक पट्टा काढला, पर्स, थैली, बाटल्या, सगळं तिथेच फरशीवर टाकलं. इतकं जोरात टाकलं की एका बाटलीचं झाकण उडालं आणि सेक्रेटरीच्या बायकोची चप्पल भिजली. "मी बसते इथे," म्हटलं. "मी बघते तुमचा खजिना. ती जाणार."

"गो, तू कापतंस," मावशी म्हणाली.

"तू जा!"

त्या माणसाने तिला विचारलं, "बीपी, हार्ट का कुछ है क्या?"

"नाय बाबा," ती म्हणाली.

खोटं! रोज सकाळी तिची गोळी मी बघते. माझा सगळा राग एका क्षणात पाणी झाला आणि नुसती भीती राहिली. वर काही झालं तर? माझ्या पोरीला कोण बघणार? हो, हेच आलं माझ्या मनात, आधी पोरीचंच आलं. मी तोंड उघडलं. तोपर्यंत तिच्या पोटावर दांडी आली होती आणि गाडी हलली.

सगळ्यात पुढे बसली होती. बाजूला एक कॉलेजचा मुलगा. गाडी खडखड करत वर गेली, वर, अजून वर, पिवळा ठिपका झाला तिचा. मग सोडली. सगळी माणसं किंचाळत होती, तो मुलगा तर आईच्या नावाने रडत होता. मी फरशीवर बॅगांच्या ढिगात बसलेली, पोर माझ्या केसांना लोंबकळतेय, आणि मी वरच्या सगळ्या देवांना शिव्या देत होते. नवस नाही बोलले, शिव्या दिल्या. तिला काही केलंत तर बघा.

ती खाली आली. अंबाडा सुटलेला, केस सगळे तोंडावर. चालताना जरा वाकडी चालत होती. मी धावले. "मावशी, काय होतंय? छातीत दुखतंय? पाणी देऊ?"

ती माझ्याकडे बघेचना. आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती, उलटे सुलटे करून.

"मांडी रिकामी होती गो," ती म्हणाली. "इतक्या वर गेलंय, आणि मांडीर कोण नाय. माका आधी भ्याच वाटला, म्हटला काहीतरी इसारलंय खाली." आणि मग हसली, पण कसं हसली ते मला लिहिता येत नाही. "मी आणि एकदा बसान येतंय."

आणि गेली की लाइनीत परत! माझ्या पोरीने तिच्याकडे हात पसरले, "माऊ, माऊ" करून, तर तिच्या गालाला बोट लावलं आणि पुढे गेली. जेवायला बसलो तेव्हा पण ती लाइनीत. बस निघायची वेळ झाली, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मंडळाची पोरं शोधतायत, आणि ही वर डोक्यावर लटकलेली.

"पंख फुटले हो ह्यांना," सेक्रेटरीची बायको म्हणाली. माझ्याशी ती अजून बोलत नाही. खोलीचं काय होणार म्हणून मी महिनाभर जेवले नाही नीट. खोली राहिली. भाडं वाढलं.

चाळीत पुढे खूप दिवस मावशीची नक्कल चालली होती. हात वर करून पोरं ओरडायची, "मावशी आली, बाजूला व्हा!" ती पण हसायची. पाळणाघर तसंच चालू, अंगठ्याला दोरी, मांडीवर पोर.

मग शाळा सुरू व्हायच्या सुमाराला मुलगा आला विरारहून. त्याची बायको बाळंतपणाच्या रजेनंतर परत ऑफिसला जाणार होती. "आईला न्यायला आलोय," म्हणाला. विचारलं नाही हो तिला. चतुर्थीला डबा भरून घ्यायचा तसं. मी दारात उभी होते, मला वाटलं ही आता नाही म्हणेल, त्या गाडीत बसून आलेली बाई आहे, ही नाही म्हणेल. तिने मुकाट दोन पिशव्या भरल्या. झोळी सोडली. मला म्हणाली, "तुझ्या चेडवाक पलीकडच्या गल्लीतल्या बाईकडे ठेव. बरी आसा ती. जरा टीव्ही बघता, पण बरी आसा."

"आणि तू?" मी म्हटलं.

"माझो नातू मा गो तो," ती म्हणाली.

मला इतका राग आला की मी रिक्षापर्यंत पण गेले नाही. त्या मुलाचा आला, त्याच्या बायकोचा आला, आणि सगळ्यात जास्त तिचा. मी तिच्यासाठी एवढी ओरडले, ती बाई माझ्याशी बोलत नाही, आणि ही परत पोर घेऊन बसायला चालली. आणि माझी पोर? नव्या ठिकाणी आठ दिवस तापली. माऊ, माऊ करत.

दोन महिने मी फोन पण केला नाही. मग नाही राहवलं. एका रविवारी पोरीला घेतलं आणि विरारला गेले, न सांगता. रस्ताभर मनात भांडण तयार करत होते. काय काय बोलायचं, कुठून सुरू करायचं. आठव्या मजल्यावर घर, लिफ्टने जायची भीती वाटते म्हणून चढत गेले, पोर कडेवर. धापा टाकतच बेल वाजवली.

दार मुलाने उघडलं. शर्टावर दूध सांडलेलं, एका हातात बाटली, एका हातात रडून लाल झालेलं बाळ.

"आई नाहीये," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?" मी विचारलं.

आतून त्याची बायको म्हणाली, "पार्कात गेल्यात. महिन्यातला एक रविवार जातात, एकट्याच. इथे आल्या त्याच दिवशी सांगितलं आम्हाला, जमत असेल तर राहीन, नाहीतर ही चालले परत दहिसरला. आता बीपीच्या बाईने कुठे कुठे बसावं, तुम्हीच सांगा जरा त्यांना."

मला बसायला सांगितलं. पाणी दिलं. बाळ काही राहत नव्हतं, तेव्हा तो मुलगा माझ्या समोर आला आणि बाळ पुढे केलं. "जरा घेता का? तुम्हाला सवय आहे."

मी माझ्या पोरीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "माझे हात भरलेत, दादा," म्हटलं.

तिथे मी खूप वेळ बसले. त्याने बाळाला खांद्यावर टाकून पंख्याखाली फेऱ्या मारल्या, मांडीवर घेतलं, परत उठला. ऊन उतरलं. मावशी आली नाही. मला घरी स्वयंपाक होता, नवऱ्याला रात्रीची रिक्षा काढायची होती, शेवटी निघाले. आठ मजले उतरले.

भांडण तसंच माझ्याकडे आहे, सगळंच्या सगळं, एक शब्द कमी केलेला नाही. पुढच्या वेळी ती घरी सापडू दे.