मुकुटबनचा अर्धवट ढावलो

"कायले जाऊन राह्यल्या बाई मुकुटबनले? एका गान्यासाठी?" यवतमाळच्या स्टँडवर तर्री-पोह्यांची बशी पुढे करत टपरीवाले काका हसले. पुण्यातही सगळे असेच हसले होते. मला कोणी जाऊ नको म्हटलं की माझी पिशवी आपोआप भरली जाते.

कुणाला ठाऊक नसलेल्या जुन्या सोल-जाझ गाण्यांचे संकलन-अल्बम मी वेड्यासारखी जमवते. त्यातल्या एकात सॅक्सोफोनच्या साथीने एक बाई ढावलो (सासरी निघताना बंजारा लेक रडत गाते ते गाणं) गाते. वेष्टनावर तिचं नाव नाही. नुसतं 'मुकुटबनजवळच्या तांड्यावरची गायिका'. माझा मित्र तो अल्बम नव्याने काढतो आहे. मीच हट्ट धरला, की आधी बाईला शोधायचं, तिची परवानगी घ्यायची आणि नाव छापायचं.

मारेगावपर्यंत एसटी, पुढे काळी-पिवळी जीप. दोन्हीकडे कापूस फुटलेला, गाडीतही कापसाची गाठोडी, आणि त्यांतल्या एकावर मी. खड्ड्यांनी माझ्या छोट्या स्पीकरचा जीव घेतला. ड्रायव्हर म्हणाला, "तांड्यावर याडी (आई) म्हनजा. नुसतं बाई म्हनसान तं पान्यावरच भागवतीन."

गाणाऱ्या बाईंचं विचारताच पहिल्याच घराने बोट दाखवलं. सोनाबाई तुरीच्या शेतातून परतत होत्या. सत्तरीच्या, ताठ. याडी म्हटल्यावर खरंच बाटी (ज्वारीची भाकरी) आणि ठेचा आला. ठेच्याने डोळ्यांतून धारा लागल्या, पण मी हार मानली नाही.

स्पीकर गेलेला, म्हणून मोबाइल रिकाम्या पितळी गुंडात (पाण्याच्या घागरीत) ठेवून गाणं लावलं. गुंड घुमला. सोनाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी आवाज ओसरत गेला तसे त्यांनी डोळे उघडले.

"अन् पुढं?"

"इथंच संपतं, याडी. लांब होतं म्हणून आवाज कमी करत नेलाय."

"संपते कसं? पोरगी आताशी उंबऱ्यावर हाय! नागपूरले नेलतं मले. तो बाजा फुकनारा आटप म्हनून मांगं लागला, तरी मी पुरं गायली. अन् यायनं काटलं? लेकीले अर्ध्या वाटेत सोडलं?"

"आता तुमचं नाव छापणार आहोत."

"नाव छाप, नाई तं नोको छापू. गानं पुरं लाव. नाई तं लावूच नोको!"

एवढं बोलून त्या उठल्या, मलाही उठवलं, माझ्या गळ्यात हात टाकले आणि उरलेला ढावलो गायल्या. शेजारच्या बायाही येऊन मिळाल्या. मी ओक्साबोक्शी रडले. या वेळी ठेच्याचा काही दोष नव्हता.

पुण्यात मित्राने कपाळाला हात लावला. "पूर्ण टेप आहे गं माझ्याकडे. पण तेवढं बसवायला अल्बममधून दुसरी दोन गाणी काढावी लागतील."

"काढ."

"आणि नाही काढली तर?"

"तर सोनाबाई तुझ्या अल्बमात नाहीत."

तो अजून विचार करतो आहे. करू दे. मी घरी ती जुनी रेकॉर्ड लावते. शेवटी आवाज ओसरू लागला की उठून उभी राहते आणि उरलेलं स्वतः गाते, भसाड्या गळ्याने. शेजारी भिंतीवर थापा मारतात. मारोत. पोरीला सासरी पोहोचवल्याशिवाय मी काही खाली बसत नाही.