टाकीला चारलेले अन्न

जऊळक्याजवळच्या एका निवासी शाळेचा मी मुख्याध्यापक आहे. ताटात अन्न टाकू नये, हा नियम मी वर्षानुवर्षे पंगतीतून फिरून मुलांकडून पाळवून घेतला. खरकट्यापासून गॅस करणारी टाकी शाळेत आली आणि तो नियम मीच मोडला.

टाकी बसवणाऱ्या मिस्त्रीने बजावले होते, रोज दोनच बादल्या घाला, जास्त झाले तर आंबेल. पण आमच्याकडे अर्धी बादलीही खरकटे निघत नसे. स्वयंपाकीणबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, पोरायनं ताटं चाटूनपुसून साफ केली. आता तुमच्या टाकीले काय चारू?"

सगळे हसले. मीही हसलो, पण ते मनाला लागले. शाळा पाहायला पाहुणे येत, आणि टाकीच्या गॅसच्या शेगडीवर दूधही उतू जात नसे. मग एके दिवशी प्रार्थनेनंतर मी मुलांना सांगितले, "नको असेल ते ताटात ठेवा, वाया जात नाही, त्याचा गॅस होतो." जी शिस्त लावायला मला वर्षे लागली होती, ती महिनाभरात गेली. बादल्या चार झाल्या. पाहुणे येणार असले की मी जास्तीचा भातही शिजवायला लावत असे. लाकडावर शिजवलेला भात टाकीला घालायचा आणि तिच्या गॅसवर पाहुण्यांचा चहा करायचा, हे मी केले. वर त्यांच्यासमोर पर्यावरणावर बोललो. उन्हाळ्याच्या सुटीत साचलेला गॅस झडप उघडून हवेत सोडून दिला. लाकडाच्या धुराहून तो वातावरणाला अधिक घातक असतो, हे मला ठाऊक होते.

शेवटी टाकी आंबली. ज्योत विझली आणि अर्धवट कुजलेला रबडा मागच्या कच्च्या खड्ड्यात वाहू लागला. खड्ड्यापलीकडे एका काकूंचे शेत होते. विहिरीच्या पाण्यावर त्या मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवीत आणि आठवडी बाजारात विकत. पतीच्या मागे त्यांचे घर त्या वाफ्यांवरच चालले होते.

एका सकाळी त्या तांब्या घेऊन कचेरीत आल्या.

"सर, हे पाणी हुंगून पाहा बरं. म्हैस तोंड नाही लाऊन राह्यली. काहून झालं असंल?"

मी हुंगले. तो वास मला ओळखीचा होता.

"पावसाने गढूळ झाले असेल, काकू. उपसून घ्या, निवळेल."

"तुमी म्हणता तं उपसतो."

एवढेच बोलून त्या गेल्या. त्याच दिवशी मी खड्डा बुजवला असता, तरी कदाचित काही वाचले असते. पण खड्डा बुजवणे म्हणजे कारण कबूल करणे होते. त्यांनी दोनदा विहीर उपसली, दोन्ही वेळा तेच पाणी पुन्हा भरले. बाजारात बायका त्यांची जुडी नाकाशी नेऊन खाली ठेवू लागल्या.

दुसऱ्या हिवाळ्यात, टाकी केव्हाच बंद पडल्यावर, मी त्यांच्या बांधावर जाऊन सगळे सांगितले. त्या खुरपे हातात धरून ऐकत राहिल्या.

"मले तवाच समजलं होतं, सर. तुमच्या खड्ड्याचाच वास होता तो. पण तुमी शिकलेले माणसं. म्हटलं, आपलंच नाक चुकत असंल."

मी नवी विहीर खोदून देतो म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "खालचं पाणी तं तेच हाय ना?"

पुढल्या आठवड्यात, ते पाणी कोणी पिऊ नये म्हणून, विहीर बुजवायला त्यांनी मुरमाची ट्रॉली बोलावली. आमच्याकडे पाण्याची विहीर बुजवणे पाप समजतात. म्हणून काकूंनी मला निरोप धाडला. मी पोहोचलो तेव्हा घमेले भरून तयार होते.

"पहिलं तुमी टाका, सर. हे पाप माह्या घरावर नको."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. काम वाटून द्यावे तसे त्या बोलल्या. मी घमेले उचलून काठावर गेलो. आत पाणी स्वच्छ दिसत होते, तळाचा दगडही दिसत होता; वास मात्र तोच होता. मी मुरूम ओतला आणि बाजूला झालो. ड्रायव्हरने ट्रॉली मागे घेतली.