ट्रंकेवरचं नाव

ऑइलपेंटचा वास आला की झाशीच्या सदर बाजारातली ती दुपार आठवते. आईला इथिओपियात शिक्षिकेची नोकरी मिळाली होती आणि आम्ही सगळ्यांनी जायचं म्हणून वडील रेल्वेतली नोकरी सोडणार होते. लोक काय म्हणतील या धास्तीने आई मात्र नकार कळवायच्या विचारात होती. तरी वडील आम्हाला दुकानात घेऊन गेले आणि त्यांनी ट्रंक घेतलीच. तिच्यावर घालायला पेंटरने वडिलांचं नाव विचारलं. वडिलांनी आईकडे बोट केलं, “नाम इनका लिखो, भैया. नौकरी इनकी है.” पेंटर हसला, “तो बाबूजी, अब भाभीजी की कमाई खाओगे?” “पेट भरके!” वडील भर दुकानात म्हणाले. आई पदराआड हसली. मग म्हणाली, “एका ट्रंकेत भागायचं नाही. आणखी एक घ्या.” समतेची पत्रकं आज मीही लिहिते, पण वडिलांच्या त्या दोन शब्दांइतकं खणखणीत मला अजून लिहिता आलेलं नाही.