कपाटातला फोटो

सरोजिनीआजींचं दुखरं अंग जयमालाच्या हातांना सहा वर्षं ठाऊक होतं. दिघीजवळच्या त्यांच्या सुपारीच्या वाडीत ती रोज दहाला यायची. न्हाऊ घालायची, वेणी घालायची, मऊ भात भरवायची. मग तिला कामावर पाठवणाऱ्या संस्थेनं नवं खूळ काढलं. येता-जाता आजींचा चेहरा मोबाईलला दाखवायचा, त्यांनी डोळ्यांची उघडझाप करायची, तरच हजेरी लागणार.

पहिल्याच दिवशी आजींनी पदर तोंडावर ओढला. "कोण बघतंय गं त्यातून? मला असं कुणाला दाखवू नकोस."

"न्हाय दाखवनार, आजी," जयमालानं शब्द दिला आणि संस्थेतल्या प्रथमेशला फोन लावला. "म्हातारं मानूस घाबरतं. मी येते का न्हाय, ते शेजाऱ्यांना इचारा."

"मावशी, रूल आहे. जमत नसेल तर दुसरी बाई पाठवतो."

दुसरी बाई! आजींचा कुठला खांदा धरायचा नाही, हे तिला कोण सांगणार? जयमालाचं डोकंच फिरलं.

तोडगा आजींनीच काढला. आपल्या मागे मुलाची धावपळ नको, म्हणून त्यांनी स्वतःचा मोठा फोटो आधीच फ्रेम करून कपाटात ठेवला होता. "पुढे हार घालायचाच आहे, तोवर कामाला येऊ दे," त्या म्हणाल्या.

जयमालानं मोबाईल फोटोसमोर धरला. "डोळ्यांची उघडझाप करा," मोबाईल बोलला. आता फोटो काय डोळे मिचकावणार? पण हिरवी खूण उमटली. आजी पोट धरून हसल्या. जयमालाच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. त्यानंतर मोबाईल धरताना तिनं फोटोकडे कधी पाहिलं नाही.

एका मंगळवारी आजी "जरा पडते" म्हणून खाटेवर कलंडल्या. पाणी तापत ठेवून जयमालानं कपाट उघडून मोबाईल धरला. लाल खूण आली. "डोळे उघडा," मोबाईल म्हणाला. तिनं पुन्हा धरला. "डोळे उघडा." घाबरत घाबरत तिनं मान वर केली.

फोटोतल्या आजींनी डोळे मिटले होते.

ती खाटेकडे धावली. आजींचं अंग अजून उबदार होतं, पण श्वास नव्हता.

रडत रडत तिनं मुलाला कळवलं, मग संस्थेला. प्रथमेश म्हणाला, "मावशी, आजची व्हिजिट बंद करायला त्यांचा एक फोटो लागेल."

"न्हाय," जयमाला म्हणाली आणि तिनं मोबाईलच बंद केला.

पाणी तापलं होतं. दार लावून तिनं आजींना शेवटचं न्हाऊ घातलं, दुखरा खांदा जपून. कुणी बघत नव्हतं. कपाटातला फोटोसुद्धा नाही.