पाचवा गंजका पत्रा

फणसाचा चीक केसांना लावू नये.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण असं कोणी करेल असं आमच्या अख्ख्या रत्नागिरीत कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मी केलं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, मी अकरावीत होतो आणि मुंबईचा ‘गंजका पत्रा’ नावाचा पंक बँड मिरजोळ्याला येणार होता! मिरजोळ्याला! एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा वर्धापनदिन होता आणि ड्रम बडवणारा मुलगा मालकांचा सख्खा भाचा होता. (नाहीतर पंकला मिरजोळ्यात कोण विचारतो?)

मावसभावाने दिलेली त्यांची कॅसेट मी झिजवली होती. दोन-दोन मिनिटांची गाणी, त्यात सगळ्या जगाला शिव्या. पण कव्हरवर नुसता एका पत्र्याचा फोटो. हे चौघं दिसतात कसे, ते मला ठाऊक नव्हतं. मला फक्त त्यांना बघायचं होतं. त्यासाठी मी आठवडाभर धड जेवलो नाही, धड बसलो नाही.

“जा, पण आत्याला घेऊन जा,” बाबांनी निकाल दिला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. प्राथमिक शाळेत मुलांना वळण लावून लावून तिचा हात धपाट्यांना चांगलाच वळला होता.

“पत्रा ऐकायला मिरजोळ्यापर्यंत कशाला?” ती म्हणाली. “पावसात आपल्या गोठ्याचा वाजतोच की!”

पंक म्हटला की केस उभे हवेत. जेल आणावं तर घरात बोंब. म्हणून परसातल्या फणसाची कुयरी, म्हणजे कोवळं फळ, कापली, चीक करवंटीत धरला, केसांना चोपडला आणि उन्हात बसलो. काय उभे राहिले म्हणता! एकेक काटा!

“मेल्या, फणस झाडावर शोभतो,” आत्या म्हणाली. पण रिक्षा दारात आली होती. टपाला लागून केस मोडू नयेत म्हणून मी मिरजोळ्यापर्यंत डोकं गुडघ्यात घालून बसलो. रिक्षावाल्याने आत्याला हळूच विचारलं, “पोराला लागते काय गाडी?”

मांडवात मालकांचं भाषण चालू होतं. कारखाना कसा उभा राहिला, शेड कशी उभी राहिली, त्या शेडचा एकेक खांब कसा उभा राहिला! माझे पाय थाऱ्यावर नव्हते. चुळबुळत चुळबुळत मी थेट स्टेजच्या कोपऱ्याशी पोचलो. आपले केस वर्गातल्या कोणी बघितले की नाही, हे बघायला लोकांकडे तोंड केलं आणि बेफिकीर दिसावं म्हणून मांडवाच्या खांबाला मस्तपैकी रेललो. खांबाला गुलाबी कापड गुंडाळलेलं होतं.

मागे गिटार कडाडली. आले! मी गर्रकन वळलो. म्हणजे वळायला गेलो. डोकं जागचं हलेना!

चीक तो! उन्हात सुकला असं मला वाटलं होतं, त्याला तसं वाटलेलं नव्हतं.

मी मान उजवीकडे झटकली, डावीकडे झटकली, हात फेकले, गुडघे वाकवले, उड्या मारल्या. समोर लोक उठून टाळ्या वाजवायला लागले.

“तो पुढचा बघलास काय? कसला नाचताय!” पहिल्या रांगेतला एक कामगार ओरडला.

आत्या धावत आली. तिने ओढलं. मी किंचाळलो. किंकाळी नेमकी तालात पडली आणि शिट्ट्या आल्या.

“कात्री आणते.”

“केस नको कापू!”

“मग तेल लागेल, मेल्या.” ती कॅन्टीनकडे पळाली आणि हात हलवत परत आली. “भजी संपली, तेल पण संपला म्हणतात.”

मला रडू यायला लागलं. मागे माझं सगळ्यात लाडकं गाणं सुरू झालं होतं, हातभर अंतरावर!

“आत्या, काय चाललंय मागे? सांग ना!”

“एकजण गिटार आपटतोय. नवी दिसते रे, जीव तुटतो.”

“आणि गाणारा?”

“शर्ट काढलान. बरगड्या मोजून घ्याव्यात. घरी जेवायला घालतात की नाही कोण जाणे.”

“दिसायला कसा आहे?”

“आपल्या गावातल्या पोस्टमनसारखा. पण पोस्टमन अंघोळ करतो.”

शेवटचा दणका झाला आणि सत्कार सुरू झाला. मालक एकेकाला शाल-नारळ देत होते. त्यांनी नारळ आणले होते पाच, बँडवाले निघाले चार. उरलेला नारळ घेऊन ते स्टेजच्या कडेला आले.

“आणि हे पाचवे कलाकार!” म्हणत त्यांनी तो वरून माझ्या हातात दिला. इतका वेळ तेलासाठी तडफडलो आणि आता नारळ!

तेवढ्यात पाठीवर थाप पडली. “भारी नाचलास, भाऊ!” तोच आवाज, कॅसेटमधला! डोळे तिरपे करून करून मला दिसला फक्त एक हात, काळं नेलपॉलिश लावलेला. तोही गेला. बँडवाल्यांना पुढच्या कार्यक्रमासाठी कोल्हापूर गाठायचं होतं.

मांडववाल्याने शिव्या घालत खांबाचं कापड कापलं. मी वळलो. स्टेजवर एक मुलगा खुर्च्या एकात एक घालत होता. मागे गुलाबी शेंडी लोंबवत मी रिक्षात बसलो. आत्याने तोच नारळ खोवून, दूध आटवून तेल काढलं आणि माझ्या डोक्यावर चोळलं. अर्धे केस तरीही गेलेच.

परवा ऑफिसात नवीन साहेब आले, मूळचे मिरजोळ्याचे. गप्पांच्या ओघात म्हणाले, “लहानपणी आमच्याकडे एक बँड आला होता हो. गाणारे काही आठवत नाहीत, पण पुढे एक येडा असला नाचत होता, की आजही डोळ्यांसमोर आहे!”

“नशीबवान आहात, साहेब,” मी टकलावरून हात फिरवत म्हणालो. “आम्हाला कुठलं बघायला मिळायला!”