पुढच्या वर्षी आहात ना?

आमच्या दुकानातल्या हॅलोबाईंनी फोनवर कधी 'हॅलो' म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्या फोन उचलायच्या आणि म्हणायच्या, "बोला!" तेही अशा आवाजात, की समोरच्याला काय बोलायचं होतं त्याचाच विसर पडायचा. तरी नाव पडलं ते पडलंच. खरं नाव पगाराच्या पाकिटावर असायचं, आणि ते लिहिताना मामालाही दर महिन्याला जरा आठवावं लागायचं.

दुकान माझ्या मामाचं. पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे. पुढे कापडाचे तागे, मागे शिलाई मशिनं, आणि मधोमध कापणीचं लांबलचक टेबल, ज्यावर मास्तर खडूने रेघा मारायचे. टेबलाच्या टोकाला हॅलोबाईंची खुर्ची आणि तो फोन. फोनला त्यांनी उरलेल्या मखमलीचं कव्हर शिवून घातलं होतं, झालरीसकट. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत मी त्या टेबलाखाली चिंध्यांच्या बाहुल्या करत बसायची. अंगावर कापडाचे बारीक धागे पडायचे आणि वरून बाईंचा आवाज यायचा.

"खिडकी मोजली का? कशाने मोजली? वितीने? वीत कुणाची, तुमची की तुमच्या मिस्टरांची?"

आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न, "ऊन सकाळी येतं की दुपारी?" सकाळचं असेल तर पातळ कापड, दुपारचं असेल तर अस्तर लावून. एका गिऱ्हाईकबाईंना ते सांगता येईना. "आपल्या घरात ऊन कधी येतं ते ज्याला माहीत नाही, त्याने पडदे लावूच नयेत," असं फाडकन सुनावून हॅलोबाईंनी फोन ठेवून दिला. मामा डोक्याला हात लावून बसला. पुढच्या आठवड्यात त्या गिऱ्हाईकबाई सगळी माहिती काढून हजर, आणि अख्ख्या घराचे पडदे शिवून घेऊन गेल्या! मामाने बाईंना त्यावरून कधी काही म्हटलं नाही. त्याची तेवढी छातीच नव्हती.

दुकानात वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक रीत होती. दुपारी मशिनांना तेल घालून झाकायचं, कापणीचं टेबल रिकामं करून त्यावर चहा मांडायचा आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. मग मामा एकेकाकडे बघून विचारायचा, "पुढच्या वर्षी आहात ना?" उत्तर एका शब्दात द्यायचं, आहे किंवा नाही. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, गळ घालायची नाही. उलट त्याच्या घरासाठी त्याच्या पसंतीचे पडदे सगळ्यांनी मिळून शिवायचे आणि मगच त्याला निरोप द्यायचा. मला लहानपणी वाटायचं, जगातली सगळी दुकानं अशीच चालतात.

मी शिकून आले आणि मामाने मला दुकानात घेतलं. त्या वर्षअखेरीला पुढच्या वर्षाचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं. मी आपली उत्साहात. ऑर्डरी वेबसाइटवर घ्यायच्या, गिऱ्हाइकाने खिडकीचा फोटो आणि मापं मोबाइलवरून पाठवायची, फोनला आपोआप उत्तर देणारी यंत्रणा बसवायची. मशिनवर एक माणूस वाढवायचं, संगणकावर एक नवीन घ्यायचं. लॅपटॉपच्या पडद्यावर रंगीत चौकटी काढून मी कोण कुठे ते दाखवलं. मामाने चष्मा वर सरकवून सगळ्या चौकटी नीट पाहिल्या.

"बाई कुठे आहेत यात?"

"फोनचं कामच राहत नाही ना मामा."

दुसऱ्या कामावर बसवायचं म्हटलं तर बाईंना मोबाइलवरची अक्षरं दिसत नव्हती आणि मशिनवर बसायला गुडघे तयार नव्हते. दुकान चालायचं तर हे करायलाच हवं होतं. समोरच्या दोन दुकानांनी आमची अर्धी गिऱ्हाइकं पळवली होती. मामाला ते कळत होतं. "मी सांगतो त्यांना," तो म्हणाला आणि नंतर रोज काहीतरी निमित्त काढून टाळत राहिला. एकदा सांगायला म्हणून बाईंच्या खुर्चीपाशी गेला आणि फोनच्या मखमली कव्हराचं कौतुक करून परत आला.

तसा तो त्या दिवसांत फारच गप्प असायचा. मामी गेल्यापासून दुकान हेच त्याचं घर झालं होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, सगळे गेल्यावर कुलूप लावायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा दार उघडून ताग्यांवरची धूळ झटकत बसायचा. त्याला काय होतंय, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. मालकाला काय विचारायचं?

यंत्रणेसाठी आवाज हवा होता. बाईंच्या आवाजाची गिऱ्हाइकांना सवय, म्हणून मी त्यांनाच बसवलं. "पडद्यांसाठी एक दाबा. सोफ्याच्या कव्हरांसाठी दोन दाबा." त्यांनी एका दमात सगळं ठणठणीत म्हटलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि माझ्याशी बोलायचं असेल, तर किती दाबायचं गं?"

माझ्याकडे त्यासाठी आकडा नव्हता. बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, फोनच्या झालरीवरचा एक सुटा धागा तोडला आणि चहा सांगायला गेल्या.

वर्षाचा शेवटचा दिवस आला तरी मामाने तोंड उघडलं नव्हतं. टेबलावर चहा आला. मामाने मास्तरांना विचारलं, मास्तर "आहे" म्हणाले. पडदे बसवणारा फिटर "आहे" म्हणाला. मशिनवरच्या दोघी "आहे" म्हणाल्या. मग हॅलोबाईंची पाळी आली. आराखडा माझ्या मांडीवर उघडाच होता. मामाने तिकडे एकदा पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि विचारूनच टाकलं.

"बाई, पुढच्या वर्षी आहात ना?"

रीतच अशी, की एकदा विचारल्यावर 'आहे' म्हणणाऱ्याची जागा पक्की. माझ्या सगळ्या चौकटी एका शब्दाने पुसल्या जाणार होत्या. बाईंनी बशीत ओतलेला चहा शांतपणे संपवला.

"नाही," त्या म्हणाल्या.

मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू? कारण विचारायचं नाही, हा नियम आजोबांनी घातलेला; पण मामाचा चेहरा पाहून बाईंनाच राहवलं नाही.

"बघताय काय असे? आवाज ठेवून चाललेय ना तुमच्याकडे. कटकट तेवढी घरी नेते." मग बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मालक, इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांना विचारता. तुम्हाला कुणी विचारलं का कधी?"

मामा गोंधळला. "मला कोण विचारणार?"

"मी विचारते. पुढच्या वर्षी आहात ना?"

मामा हसला. मग हसू आवरलं आणि तो टेबलावरच्या खडूच्या जुन्या रेघांवरून बोट फिरवत राहिला. आम्हाला वाटलं, आता काहीतरी गमतीचं बोलेल.

"नाही," मामा म्हणाला. "दमलो हो बाई. कधीचा दमलोय."

बाईंनी मान डोलावली, जणू फोनवरची साधी ऑर्डर घेत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि पोरी, तू?"

"आहे," मी म्हणाले. गेली कित्येक वर्षं तो प्रश्न मीच विचारते, आणि सगळ्यांना विचारून झालं की मास्तरांकडून स्वतःला विचारून घेते.

त्या दिवशी मात्र दोन घरांचे पडदे शिवायचे होते. बाईंनी स्वतःसाठी गडद हिरवं कापड आधीच हेरून ठेवलं होतं. मग त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि मामाला समोर उभं केलं.

"बोला! खिडकी मोजली का?"

"मोजतो की."

"ऊन सकाळी येतं की दुपारी?"

मामाने डोळे मिटले. ज्या घरात तो जन्मला, मामीबरोबर ज्या घरात संसार केला, ते घर डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत होता.

"माहीत नाही हो बाई," तो म्हणाला. "उन्हाच्या वेळी मी घरी कधी होतोच कुठे?"